पेटंटची रॉयल्टी: रुपयात घ्यावी की टोकनमध्ये?

कुपवाडचा_लेथ
नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. बेदाण्याची काडी वेगळी करायच्या यंत्राला बसणारा एक जोड मी बनवलाय. नेहमीच्या यंत्रात काडी निघते, पण मण्याची सालही सोलवटते. मग माल चिकट होतो आणि सौद्यात दर पडतो. माझ्या जोडात रबरी पट्टा एकसारखा न फिरता हलके हिसके देत फिरतो. काडी सुटते, मणी शाबूत राहतो. पेटंट मिळालंय, माझ्या स्वतःच्या नावावर.

आता एका यंत्र कंपनीला परवाना हवाय. त्यांनी दोन पर्याय ठेवलेत. विक्रीच्या ३ टक्के रॉयल्टी, रुपयात, दर तिमाहीला. किंवा ५ टक्के, पण त्यांच्या कुठल्याशा भागीदाराच्या डिजिटल टोकनमध्ये, म्हणजे आभासी नाण्यात. मालकांचा मुलगा लॅपटॉप उघडून आलेख दाखवत होता, दहापट होणार म्हणे.

माझं मन टोकनकडे झुकतंय. पेटंट २० वर्षांचं, त्यातली काही वर्षं अर्ज निकाली निघण्यातच गेली. उरलेल्या वर्षांत रुपया किती झिजेल कुणी सांगावं? डोकं चालवणाऱ्याला झिजणारा पैसा आणि भांडवलवाल्याला वाढणारा, हे काही बरोबर वाटत नाही. घरात बायको रुपयाच्या बाजूने, पोरगा टोकनच्या. तुम्ही काय म्हणता?

बेडगचा_बाप्या
आधी पार्टी. पेटंट मिळालं आणि इथं भडंगसुद्धा नाही?

मार्केट_यार्ड_मिरची
अभिनंदन लेथराव! माझं मत वहिनींना. टोकन घेऊन वखार भागात चहा तरी मिळतो का बघा आधी.

जुनाजाणता
अभिनंदन. सगळे ३ आणि ५ याच आकड्यांकडे बघतील, म्हणून आधीच विचारतो. कशाचे ३ टक्के? करारात "विक्री" कशाला म्हटलंय ते वाचलं का?

माझा अनुभव सांगतो. पंपाच्या एका सीलची रचना मी एका कारखान्याला दिली होती. कागदावर निव्वळ विक्रीवर ४ टक्के. पहिल्या वर्षी बरे पैसे आले, मग आटत गेले. बाजारात तर माझंच सील दिसत होतं. तिमाही पत्रक नीट वाचलं तेव्हा उलगडा झाला. कारखाना सगळा माल घरच्याच दुसऱ्या फर्मला निम्म्याहून कमी भावात विकायचा आणि ती फर्म बाजारभावाने पुढे. माझी टक्केवारी पहिल्या विक्रीवर. त्यातून वाहतूक, वितरकाची सूट, "परत आलेला माल" हेही वजा. भांडायला गेलो तर म्हणाले, कराराप्रमाणेच आहे. आणि होतंही तसंच.

जेम्स वॅटनेही रॉयल्टी घेतली, पण इंजिनाच्या किमतीवर नाही. जुन्या न्यूकोमेन इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल त्याचा एक तृतीयांश. ऐकायला सुरेख. पण कोळसा किती वाचला हे ठरवायचं कुणी? कॉर्नवॉलच्या खाणवाल्यांनी पैसे थकवले, कोर्टकचेऱ्या झाल्या, १८०० साली पेटंट संपेपर्यंत ते चालूच होतं. पैसा कुठल्या रूपात येतो हा नंतरचा प्रश्न. मोजतो कोण ते आधी बघा.

नाणेफेक
धाग्यावर टोकनची बाजू घेणारा मी एकटाच दिसतोय, म्हणून जरा सविस्तर.

रुपयाची झीज खरी आहे, लेथदादा चुकत नाहीत. सरकारला हवा तेव्हा पैसा वाढवता येतो. बिटकॉइन २ कोटी १० लाखांपलीकडे निघणारच नाहीत, साधारण दर ४ वर्षांनी नव्या नाण्यांचा वेग निम्मा होतो, एप्रिल २०२४ मध्ये तसा झाला. २०१० मध्ये एकाने १० हजार बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा मागवले होते. आज त्याचा हिशोब करून बघा.

दुसरं, रॉयल्टीचा खरा रोग जुनाजाणता काकांनीच सांगितला, हिशोबातली लपवाछपवी. त्यावर स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे संगणकावर आपोआप चालणारा करार, हा उपाय आहे. विक्री झाली की वाटा आपोआप तुमच्या खात्यात. मुनीम नाही, तिमाही पत्रक नाही, "साहेब जेवायला गेलेत" नाही.

गलाईवाला_विटा
@नाणेफेक, पिझ्झ्याची गोष्ट बिटकॉइनची. लेथभाऊंना बिटकॉइन कुठं देतायत? कंपनीच्या भागीदाराचं टोकन देतायत. ते किती काढायचे हे कोण ठरवतं? तोच भागीदार ना?

मी मूळ खानापूर तालुक्यातला, सध्या मुक्काम तमिळनाडू. आमची तिसरी पिढी सोनं गाळतेय. गिऱ्हाईक दागिना घेऊन येतं, म्हणतं बावीस कॅरेट आहे. आम्ही मान डोलावतो आणि भट्टी पेटवतो. गाळल्यावर जे उरतं त्याचे पैसे, तोंडच्या कॅरेटचे नाही. टोकन पण तसंच गाळून बघा. आज सकाळी एक लाखाचं टोकन विकायला काढलं तर संध्याकाळपर्यंत रुपये हातात येतात का? कुणाकडून? त्या कंपनीकडूनच घ्यावे लागत असतील तर ती उधारी झाली, नाणं नव्हे.

बेडगचा_बाप्या
गलाईवाले आज फुल फॉर्मात.

रात्रपाळी
मी आयटीत. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टबद्दल @नाणेफेक यांना एकच विचारतो: यंत्र विकलं गेलं हे त्या कॉन्ट्रॅक्टला सांगतं कोण? ब्लॉकचेनवरचा, म्हणजे टोकनच्या सामाईक डिजिटल वहीतला, व्यवहार त्या साखळीला दिसतो. तासगावच्या शेडवर टेम्पोतून उतरलेलं यंत्र तिला दिसत नाही. कुणीतरी माणूसच नोंद करणार, आणि तो माणूस कंपनीच्या पगारावर. मुनीम गेला नाही, फक्त त्याला नवा कीबोर्ड मिळाला.

जाता जाता, या धाग्यातल्या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात येऊन गेल्यात. डेव्हिड चॉम. डिजिटल रोकड कशी करता येईल हे १९८० च्या दशकातच याने मांडलं. बँकेला नोटेवर आंधळी सही करायला लावायची, म्हणजे नोट खरी ठरते, पण ती कुणी खर्चली हे बँकेला कळत नाही. त्याचं अमेरिकी पेटंट १९८८ मध्ये मिळालं. डिजिकॅश नावाची कंपनी काढली, ती १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्यानंतर दहा वर्षांनी, २००८ मध्ये, सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनचा आराखडा कुणीतरी फुकट टाकून दिला, आज्ञावलीही सगळ्यांना खुली. पेटंट नाही, रॉयल्टी नाही, खरं नावसुद्धा नाही.

नाणेफेक
नोंद करणाऱ्या माणसाचा मुद्दा मान्य. पण सातोशीला रॉयल्टी नाही कशी? सुरुवातीला त्याने स्वतः काढलेली नाणी त्याच्याकडेच आहेत असं मानतात.

रात्रपाळी
आहेत, आणि हललेली नाहीत. असली रॉयल्टी लेथभाऊंच्या काय कामाची?

प्रज्ञा_के
बौद्धिक संपदेच्या कामात आहे, म्हणून करारापुरतं सांगते. अंगावर घेऊ नका, पण हे तपासाच.

परवाना लेखी हवा, पेटंट कायद्याच्या कलम ६८ प्रमाणे तोंडी चालत नाही. झाल्यावर तो पेटंट कार्यालयाच्या नोंदवहीत चढवा. तुमचं कार्यालय मुंबईचं, अँटॉप हिल.

परवाना एकट्या त्यांनाच की इतरांनाही, हे बघा. एकट्यांनाच देणार असाल तर "किमान रॉयल्टी" घालाच, विक्री शून्य झाली तरी वर्षाला अमुक रक्कम. नाहीतर काही कंपन्या पेटंट घेतात आणि कपाटात ठेवतात, कारण त्यांचं जुनं यंत्र अजून खपत असतं. पेटंट मिळून तीन वर्षं झाली आणि माल लोकांना रास्त भावात मिळत नसेल, तर तिसरा माणूस कलम ८४ खाली सक्तीचा परवाना मागू शकतो. २०१२ मध्ये कर्करोगावरच्या एका औषधासाठी नॅटको या औषध कंपनीला पेटंटवाल्या बायर कंपनीविरुद्ध तसा मिळाला. महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८०० वर आला आणि बायरला विक्रीच्या ६ टक्के रॉयल्टी ठरली. पुढे अपिलात ती ७ झाली. बेदाण्याच्या जोडावर कुणी तसं करेल असं नाही. पण एवढी मोठी लढाई लढून शेवटी रॉयल्टी ६-७ टक्के, हे लक्षात असलं की ३ आणि ५ चा अंदाज येतो.

आणखी एक. प्रदर्शनात मांडण्याआधी अर्ज केला होता ना?

कुपवाडचा_लेथ
@प्रज्ञाताई, हो, आधी तात्पुरता अर्ज, मगच कृषी प्रदर्शन. एका ओळखीच्याचा फवारणीचा नोझल तसाच गेला होता. आधी स्टॉलवर मांडला, फोटो निघाले, पुढच्या हंगामात तिघांनी बनवला. त्यामुळे धसका होता.

@जुनाजाणता काका, करारात "निव्वळ विक्री" असंच आहे, खुलासा काही नाही. आज परत वाचलं.

तासगावची_सून
विषय बेदाण्याचा म्हणून आठवलं. आमच्या तालुक्यातल्या बोरगावच्या बागेत थॉमसन सीडलेसमधून निवडलेलं वाण तास-ए-गणेश नावाने सगळीकडे पसरलं. सासरे सांगतात, काड्या मागायला लोक कुठून कुठून यायचे आणि शेतकरी द्यायचे. वाणांना संरक्षण देणारा कायदा २००१ मध्ये आला, त्याआधी मागायचं तरी कुणाकडे? आणि आपल्याकडे वनस्पतीवर पेटंट मिळतच नाही. यंत्र करणाऱ्याला २० वर्षं, वेल शोधणाऱ्याला फक्त नमस्कार.

मार्केट_यार्ड_मिरची
नमस्कारावर जीएसटी नाही, तेवढंच समाधान.

मिरजेचा_तंबोरा
सांगलीच्या बेदाण्याला आणि हळदीला भौगोलिक मानांकन आहे, आता आमच्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्यालाही मिळालंय. त्याची रॉयल्टी कुणाला येते का हो?

प्रज्ञा_के
@तंबोरा, नाही. ते नाव त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं, कुणा एकाचं नाही. फायदा झालाच तर दरातून. वेगळा धागा काढा, इथं लेथभाऊंचं राहून जाईल.

विश्रामबागचा_हिशोबनीस
कराचं कुणी बोललंच नाही, म्हणून उशिरा का होईना येतो. कलमांचे आकडे १९६१ च्या आयकर कायद्यातले सांगतोय.

रुपयातल्या रॉयल्टीवर १० टक्के टीडीएस कापून पैसे येतील. तो तुमच्या करात वळता होतो. जुनी करपद्धत घेतली तर ८०आरआरबी खाली पेटंटच्या रॉयल्टीतले वर्षाला ३ लाखांपर्यंत वजा मिळतात. पण फक्त व्यक्तीला आणि तीच मूळ संशोधक असेल तर. पेटंट स्वतःच्या नावावर ठेवलंत ते उत्तम. उद्या कुणी "फर्मच्या नावावर करून टाका" म्हणालं तर आधी मला विचारा.

आता टोकन. समजा तिमाहीला १ लाखाचे टोकन आले. आले त्या दिवशीच्या भावाने ते १ लाखाचं उत्पन्न, त्यावर तुमच्या दराने कर. हातात रुपया आलेला नसतानाही. पुढे टोकन पडलं आणि तुम्ही ४० हजारांना विकलं. ६० हजारांचा तोटा. तो रॉयल्टीतून वजा होत नाही, वर्कशॉपच्या नफ्यातून होत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. कर मात्र १ लाखावर भरून झालेला. आणि चढलं तर? नफ्यावर सरसकट ३० टक्के, वर उपकर. २०२२ च्या अर्थसंकल्पापासून असंच आहे. विक्रीच्या वेळचा १ टक्का टीडीएस वेगळा.

थोडक्यात, पडलं तर तोटा सगळा तुमचा आणि चढलं तर सरकार भागीदार. ५ टक्क्यांतले २ टक्के असेच कुठे गळतील कळणार नाही.

नाणेफेक
कराचं गणित वाईट आहे हे खरंय, पण तो कराचा दोष आहे, नाण्याचा नाही.

गलाईवाला_विटा
भरायचं तर लेथभाऊंनाच ना?

कडेगावचा_पाहुणा
डॉलरला बांधलेली टोकनं असतात ना, ती चढत-पडत नाहीत. ती मागितली तर?

रात्रपाळी
@पाहुणा, बांधलेली कशाला आहेत ते बघावं लागतं. काहींच्या मागे खरे डॉलर किंवा अमेरिकी सरकारी रोखे ठेवलेले असतात. काहींच्या मागे नुसती दुसऱ्या टोकनची हमी. टेरायूएसडी तसलं होतं. १ डॉलरचं म्हणवायचं. मे २०२२ मध्ये त्याची बांधणी सुटली आणि त्याचं जोडीचं लुना ८० डॉलरच्या आसपास होतं ते काही दिवसांत मातीमोल झालं. आणि बिटकॉइन, ज्याची पाठराखण नाणेफेक करतात, ते नोव्हेंबर २०२१ ला ६९ हजार डॉलरच्या घरात होतं आणि वर्षभरात १६ हजारांच्या. पुढे परत चढलं, मान्य. पण मधल्या वर्षात लेथभाऊंनी वीजबिल कशात भरायचं?

रिझर्व्ह बँकेचा ई-रुपया मात्र वेगळा. १ डिसेंबर २०२२ पासून सामान्य लोकांसाठी प्रायोगिक चालू आहे. तो रुपयाच, फक्त नोट मोबाईलमध्ये. व्याज नाही, चढउतार नाही. कंपनीला "डिजिटल"चीच हौस असेल तर ई-रुपयात द्या म्हणावं.

मार्केट_यार्ड_मिरची
हे ऐकून मालकाच्या पोराचा लॅपटॉपच बंद पडेल.

हरिपूरकर
चार दिवस वाचतोय, आता लिहितो. आम्ही हळदवाले. हळदीच्या दराचं काय होतं ते एका हंगामात बघितलेला माणूस टोकनच्या आलेखाला भुलत नाही.

लेथदादांच्या मूळ शंकेला कुणी हात घातलेला नाही. ते म्हणतात रुपया झिजतो. झिजू दे की! तुमची रॉयल्टी ठराविक रुपये नाही, टक्केवारी आहे. लोखंड महागलं, मजुरी वाढली, की यंत्राची किंमत वाढणार आणि तुमचे ३ टक्केही तेवढेच वाढणार. महागाईची भरपाई त्या टक्केवारीतच आहे. ठोक रक्कम घेतली असती तर झिजेची भीती खरी होती. त्यासाठी टोकन कशाला?

जुनाजाणता
हरिपूरकरांनी नेमकं धरलं. मला फक्त मोजदादीचं सुचवायचंय. पूर्वी परवाना देणारे लोक पट्ट्या द्यायचे. पितळेची बोटभर पट्टी, तीवर पेटंट क्रमांक आणि अनुक्रमांक पंचाने ठोकलेला. पट्ट्या संशोधकाच्या ताब्यात. कंपनीने शंभर यंत्रं बनवायची म्हटली की शंभर पट्ट्या तुमच्याकडून न्यायच्या आणि नेतानाच पैसे टाकायचे. यंत्रावर पट्टी नाही म्हणजे ते चोरीचं. कोणत्या फर्मला कितीला विकलं हा प्रश्नच उरत नाही. टक्केवारी छापील किंमतपत्रकावर लावा, बिलावर नको. तुमच्याकडे लेथ आहे, पट्ट्या घरीच होतील.

प्रज्ञा_के
काकांची कल्पना करारात बसते. "पट्टी नसलेलं यंत्र विकल्यास दुप्पट रॉयल्टी" एवढं कलम घाला. सोबत वर्षातून एकदा तुमच्या हिशोबनिसाला त्यांची उत्पादन-वही बघायचा हक्क. आणि पेटंट संपल्यावर रॉयल्टी चालू ठेवायचा आग्रह धरू नका. पेटंट संपलं की तीन महिन्यांच्या नोटिशीने कुठलाही पक्ष करार मोडू शकतो, कलम १४१.

बेडगचा_बाप्या
एका पितळी पट्टीने ब्लॉकचेनला चितपट केलं राव.

नाणेफेक
हसा हसा. प्रत्येक पट्टीला वेगळा क्रमांक, दोनदा वापरता येत नाही, आणि किती काढायच्या यावर मर्यादा. माझ्याच गोष्टी पितळेत ओतल्यात तुम्ही.

गलाईवाला_विटा
हे मात्र बरोबर बोललास भावा.

कुपवाडचा_लेथ
सगळ्यांचे आभार. काल बैठक झाली. मी सरळ सांगितलं: रुपयात साडेतीन टक्के, छापील किमतीवर, पट्ट्या माझ्याकडून, किमान रॉयल्टी वर्षाला ठरवून. टोकन द्यायचेच असतील तर बक्षीस म्हणून वर द्या, रॉयल्टीत धरू नका.

साडेतीनवर कुरकुर झाली, शेवटी सव्वातीन. किमान रॉयल्टी मान्य. पट्ट्यांवर मात्र मालक अडले. म्हणाले, "तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?" मी म्हटलं, विश्वास आहे म्हणूनच परवाना देतोय, पट्ट्या तुमच्या पुढच्या पिढीसाठी. थोरले हसले, पोरगा नाही. सोमवारी कळवतो म्हणालेत. वरच्या बक्षिसाच्या टोकनचा विषय परत कुणी काढला नाही.

हरिपूरकर
फुकट द्यायची वेळ आल्यावर टोकन महाग झालं म्हणायचं.

विश्रामबागचा_हिशोबनीस
उत्तम. सही व्हायच्या आधी मसुदा प्रज्ञाताईंना किंवा कुणा वकिलाला दाखवा. आणि पेटंटची नूतनीकरण फी कुणी भरायची ते लिहून घ्या. व्यक्तीसाठी सुरुवातीच्या वर्षांत वर्षाला ८०० रुपये, शेवटच्या टप्प्यात ८ हजार. रक्कम छोटी आहे, पण राहून गेली तर पेटंटच जाईल. कंपनीवर सोडू नका.

कुपवाडचा_लेथ
फी मीच भरणार, लिहिलंय. @जुनाजाणता काका, पट्टीला पितळ दीड मिलिमीटर पुरेल का? एक मिलिमीटरवर ठोकून बघितलं तर अंक मागून उठतात.

जुनाजाणता
दीड घ्या. आणि रिव्हेट लावा, स्क्रू नको. स्क्रूची पट्टी दुसऱ्या यंत्रावर जाते.